रॅलीची टीम आणि आयकर: तोटा कुणाच्या पॅनवर, कशातून वजा, आणि मुळात वजा करावा का?

प्रश्न थोडक्यात असा. चिपळूण-गुहागर भागातले तिघे मित्र. एकाचं महामार्गालगत गॅरेज आहे, दुसऱ्याचा होमस्टे आणि हापूसची बाग, तिसरा बँकेत नोकरीला. तिघांनी वर्गणी काढून जुनी मारुती जिप्सी रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाइपांचा सांगाडा) घालून बांधली आणि ऑटोक्रॉस, रॅली-स्प्रिंट या मोटार-स्पर्धांना उतरवतात. वर्षाला अडीच-तीन लाख खिशातून जातात. गॅरेजवाल्याच्या मामांची बांधकाम कंपनी प्रायोजक व्हायला तयार आहे. आता टीम 'धंदा' म्हणून दाखवली तर हा तोटा पगार, बाग आणि होमस्टेच्या उत्पन्नातून वजा होईल का?

पगारातून कधीच नाही. धंद्याचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करायला कलम ७१(२ए) सरळ मनाई करतं, त्यामुळे बँकवाल्या मित्राने हा विषय डोक्यातून काढून टाकावा. बागेतून वजा करून काही हाती लागत नाही, कारण शेतीचं उत्पन्न कलम १०(१) खाली मुळातच करमुक्त आहे. (स्वतःच्या आंब्याचा पल्प काढून डबे विकत असाल तर गोष्ट वेगळी. आंब्याची बाजारभावाने किंमत वजा जाऊन उरलेला प्रक्रियेचा नफा धंद्याचा धरला जातो.) राहिला होमस्टे आणि गॅरेज. तिथे वजावट होऊ शकते, पण तुम्ही सध्या ज्या पद्धतीने टीम चालवता त्या पद्धतीने नाही.

पुढे कलमांचे आकडे १९६१ च्या कायद्याचे दिले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला आणि आकडे बदलले, पण आधीच्या वर्षांची विवरणपत्रं आणि नोटिसा जुन्या कायद्यानेच चालतात आणि तुमच्या सीएच्या तोंडीही अजून तेच आकडे आहेत.

आधी एक गैरसमज. 'पाचपैकी तीन वर्षं नफा दाखवला की छंद नव्हे, धंदा' हा नियम नेटवर सगळीकडे वाचायला मिळतो. तो अमेरिकेचा आहे. आपल्या कायद्यात असं गणित नाही. आपल्याकडे घोड्यांच्या शर्यतींसाठी मात्र वेगळं कलम आहे, ७४ए. शर्यतीचे घोडे पाळण्यातला तोटा फक्त त्याच उत्पन्नातून वजा होतो आणि चारच वर्षं पुढे नेता येतो. मोटरस्पोर्टला असं कुंपण नाही. म्हणजे धंदा सिद्ध झाला तर तोटा इतर धंद्यांच्या तोट्यासारखाच वागतो: त्याच वर्षी पगार सोडून इतर उत्पन्नातून वजा, उरलेला आठ वर्षं पुढे आणि तेव्हा फक्त धंद्याच्या नफ्यातून. पुढे न्यायचा असेल तर विवरणपत्र मुदतीत भरायलाच हवं. एक दिवस उशीर झाला तरी त्या वर्षाचा तोटा गेला. घसारा, म्हणजे वस्तू वापरून जुनी होते त्यापोटी दरवर्षी मिळणारी वजावट, त्याचा न जिरलेला भाग तेवढा उशिरा भरूनही टिकतो.

धंदा कशाला म्हणायचं, याचं मोजमाप सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये नारायण स्वदेशी वीव्हिंग मिल्सच्या खटल्यात सांगितलं आणि आजही तेच लावलं जातं: खरीखुरी, भरीव, पद्धतशीर, ठरावीक हेतूने चालणारी हालचाल. अधिकारी हे वाक्य वाचत बसत नाही. तो तीन गोष्टी बघतो. पैसे कुठून येणार होते, ते येण्यासाठी तुम्ही काय केलंत, आणि कागद त्या वेळचे आहेत की नोटीस आल्यावर बसून केलेले. तुमच्या टीमच्या बाबतीत पहिल्याच प्रश्नाला उत्तर नाही. बक्षिसाच्या भरवशावर कुणी धंदा करत नाही आणि मामांचे दीड लाख हा धंदा आहे की भाच्याचं कौतुक, हे तो विचारणारच.

आता तिघांच्या वर्गणीचं. भागीदारी पत्र नसताना तिघांनी पैसे एकत्र केले, गाडी सामाईक घेतली आणि बक्षीस वाटून घेतलं, तर कायद्याच्या नजरेत तो 'व्यक्तींचा समूह' ठरू शकतो. त्याचा तोटा समूहापाशीच अडकतो. रीतसर भागीदारी फर्म केली तरी तोटा फर्मचाच राहतो, भागीदारांच्या विवरणपत्रात येत नाही. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आणि प्रायव्हेट कंपनीचंही तेच. होमस्टेवाला भागीदार आहे म्हणून फर्मचा तोटा होमस्टेच्या नफ्यातून वजा होईल, अशी समजूत बऱ्याच जणांची असते आणि ती साफ चूक आहे. त्यात फर्मवर नफ्याच्या पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर, आणि १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षाला २०,००० रुपयांवर पगार किंवा व्याज दिलं की कलम १९४टी खाली १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर). तोट्याच्या वर्षांत तोटा वापरायचा असेल तर टीम कुणा एकाच्याच पॅनवर, त्याच्या मालकीच्या धंद्याचा भाग म्हणून चालली पाहिजे.

तो एक जण गॅरेजवाला असावा. होमस्टेवाल्याने जिप्सीच्या दारावर होमस्टेचं नाव लावून सहा-सात लाखांचा खर्च जाहिरात म्हणून दाखवला, तर वाळूत जिप्सी पळताना बघून गुहागरला किती पाहुणे उतरले, याचं उत्तर द्यावं लागेल. गॅरेजचं तसं नाही. रोल केज बांधणं, सस्पेन्शन बसवणं, दुसऱ्यांच्या गाड्यांना स्पर्धेत सर्व्हिस देणं, तयार गाडी एका स्पर्धेसाठी भाड्याने देणं, ही गॅरेजचीच कामं आहेत. टीम हा गॅरेजचा एक विभाग होतो आणि त्याला स्वतःची कमाई असते.

हे कागदावर कसं दिसायला हवं ते सांगतो. गॅरेजच्या नावाचं चालू खातं, टीमचा प्रत्येक रुपया त्यातूनच आत-बाहेर. हिशेबात टीमसाठी वेगळं खातं, म्हणजे वर्षाअखेर विभागाचा नफा-तोटा वेगळा काढता येतो. बाहेरच्या प्रत्येक गाडीच्या कामाला जॉब कार्ड आणि बिल: 'केजचं वेल्डिंग, सहा पॉइंट, अमुक जाडीचा सीमलेस पाइप इतके फूट, मजुरी इतकी'. गाडी भाड्याने दिली तर एका पानाचा करार, त्यात डिपॉझिट, मोडतोड कुणाच्या डोक्यावर आणि एन्ट्री फी कुणी भरायची हे लिहिलेलं. आणि स्पर्धेगणिक एक फाइल. तिच्यात एन्ट्री फॉर्म, स्पर्धेची नियमावली, एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या नियामक संस्थेचा परवाना, एन्ट्री फीची पावती, स्क्रुटिनीत (स्पर्धेआधीच्या गाडीच्या तांत्रिक तपासणीत) पास झाल्याचा कागद, निकालपत्रक, टोल-डिझेलच्या पावत्या, लॉजचं बिल आणि स्टिकर लावलेल्या गाडीचे स्पर्धेच्या दिवशीचे फोटो. फोटो सगळ्यांत स्वस्त पुरावा आहे आणि नेमका तोच ठेवला जात नाही. स्पर्धा संपेपर्यंत दारावरचा स्टिकर चिखलाखाली गेलेला असतो. सकाळी स्क्रुटिनीच्या रांगेतच चारही बाजूंनी काढून ठेवा.

उद्यम नोंदणी, शॉप अॅक्टची सूचना, लेटरहेड, टीमचे टी-शर्ट यांनी धंदा सिद्ध होत नाही. असले तर बरं. एका परक्या गिऱ्हाइकाचं बिल या सगळ्यापेक्षा वजनदार.

पहिल्या वर्षात एक फसगत हमखास होते. गाडी बांधून, परवाना मिळून, स्पर्धेला उतरण्याजोगी टीम 'उभी' राहण्याआधीचे खर्च धंद्याचे धरले जात नाहीत. धंदा उभा राहणं आणि प्रत्यक्ष सुरू होणं यातला फरक मुंबई उच्च न्यायालयाने १९५४ सालीच वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सच्या निकालात सांगितला आहे: उभा राहिल्यापासूनचा खर्च मिळतो, त्याआधीचा नाही. चालत्या गॅरेजचा विभाग असला की हा वाद बोथट होतो. केज, स्किड प्लेट, सीट, हार्नेस, मोठे शॉक अॅब्जॉर्बर हे सगळं गाडीच्या किमतीत धरा, दुरुस्तीत नाही. टायर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, ऑइल, फिल्टर हे त्या वर्षाचा खर्च.

गाडीवर घसारा १५ टक्के. पण ज्या वर्षी घेतली त्या वर्षी ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर निम्मा, साडेसात. कोकणात गाडी पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास घ्यायची पद्धत आहे आणि तिथेच हा निम्मा जातो. ३ ऑक्टोबरपर्यंत गाडी वापरात आली तर पूर्ण घसारा मिळतो. 'वापरात आली' म्हणजे पावती फाटली असं नव्हे. वर्षभर जॅकवर उभी राहून केज बनत असलेली गाडी वापरात आलेली नसते. गाडीची, केजची किंवा हत्यारांची किंमत दिवसाला १०,००० रुपयांवर रोखीत दिली असेल तर तेवढी रक्कम घसाऱ्यासाठी किमतीत धरलीच जात नाही. जुनी जिप्सी रोख घेण्याची रीत इथे महाग पडते. आरसी गॅरेजवाल्याच्या नावावर हवी. ती आज तिघांपैकी दुसऱ्याच कुणाच्या नावावर असेल तर आधी रीतसर विक्री आणि नावबदल करून घ्या.

गाडी उलटून भंगारात गेली तर? इथे दोन ठिकाणी धक्का बसतो. नेहमीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची कसोटी) हे वापर वगळलेले असतात, त्यामुळे क्लेम मिळत नाही. रॅली आणि रिलायबिलिटी ट्रायलसाठी आयएमटी ३१ हे पुरवणी कलम आहे. ते त्या स्पर्धेपुरतं घेता येतं, पण विमा कंपनीकडे ते आधी मागावं लागतं. दुसरा धक्का कराचा. मोडलेल्या गाडीची उरलेली पुस्तकी किंमत त्या वर्षी एकरकमी तोट्यात टाकता येत नाही. १५ टक्क्यांच्या गटात गॅरेजचा लिफ्ट, कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन हे सगळं असतं. भंगाराचे जेवढे आले तेवढे गटातून वजा होतात आणि उरलेल्यावर दरवर्षी घसारा चालूच राहतो.

खाऱ्या हवेचा आणि तांबड्या धुळीचा खर्च बाहेरच्या अधिकाऱ्याला अवास्तव वाटू शकतो. किनाऱ्याजवळ उभ्या गाडीचे ब्रेक कॅलिपर, व्हील बेअरिंग, वायरिंगचे कनेक्टर पावसाळ्याच्या चार महिन्यांत गंजून धरतात. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, सराव केला की एअर फिल्टर काही फेऱ्यांतच लालभडक होतो. जुलै-ऑगस्टमध्ये एकही स्पर्धा खेळलेली नसताना सुट्या भागांचं ४०,००० चं बिल दिसलं तर प्रश्न येतो. त्या बिलामागे जॉब कार्ड आणि काढलेल्या भागांचे फोटो लावून ठेवा. सडा दुसऱ्याच्या मालकीचा असेल आणि सरावासाठी भाडं देत असाल तर साधा भाडेकरार करा आणि बँकेतून द्या. वडिलांच्याच जमिनीवर सराव करत असाल तर भाडं दाखवायच्या फंदात पडू नका.

घाटरस्त्यावर पहाटे केलेला 'सराव' मात्र कोणत्याच खात्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली राज्य सरकारच्या परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगचाचणी गुन्हा आहे, आणि गुन्ह्यासाठी झालेला खर्च कलम ३७(१) च्या स्पष्टीकरणाने कायमचा बाद. वाहतूक पोलिसांचं चलान तसंच बाद. आयोजकांनी स्पर्धेच्या नियमभंगाबद्दल लावलेला दंड हा कायद्याचा भंग नसतो, तो खर्चात मागता येतो. आंबा घाटातून कोल्हापूरला किंवा तिथून पुढे बंगळूर-चेन्नईच्या बाजूला गाडी ट्रेलरवर टाकून न्या. बांधलेली गाडी रस्त्यावरून चालवत नेली आणि पकडली गेली तर एकाच प्रवासात चलानही आणि बाद झालेला खर्चही. शिवाय चेन्नईच्या ट्रॅकपर्यंत हजारावर किलोमीटर जाऊन आल्यावर जिप्सीला स्पर्धेपुरतं काही उरत नाही.

मामांच्या दीड लाखांबद्दल जरा सविस्तर, कारण घोळ बहुधा इथेच होतो. मामांनी स्वतःच्या खात्यातून भाच्याला पैसे दिले तर ती नातेवाईकाची भेट. आईचा भाऊ नातेवाइकांच्या व्याख्येत येतो, रक्कम कितीही असो, भाच्याला कर नाही. मामांनाही वजावट नाही. सगळ्यांत साधा मार्ग हाच. कंपनीकडून आले तर मात्र कंपनी कुणाची मामा नसते. ते टीमचं उत्पन्न आहे, कंपनी जाहिरातीचा खर्च म्हणून मागणार, आणि करनिर्धारणात दोन्हीकडचे कागद जुळवले जाणार. करारात लिहा: कोणत्या स्पर्धा, बॉनेट आणि दोन्ही दारांवर किती इंचांचा लोगो, साइटवर किंवा प्रदर्शनात गाडी किती दिवस उभी करायची, स्पर्धा रद्द झाली तर किती परत. कंपनी त्यावर सहसा कलम १९४सी खाली १ टक्का, म्हणजे १,५०० रुपये टीडीएस कापेल आणि रक्कम तुमच्या २६एएसमध्ये (तुमच्या पॅनवर कापलेल्या कराचा आयकर खात्याकडचा उतारा) दिसेल. दिसली की मग ती भेट होती असं म्हणता येत नाही.

प्रायोजक पैसे न देता टायर, ऑइल, सूट देतात तेव्हा बरेच जण ते हिशेबातच घेत नाहीत. वस्तूंची किंमत वर्षात २०,००० च्या वर गेली की १ जुलै २०२२ पासून कलम १९४आर लागतं, १० टक्के टीडीएस. ६०,००० चे टायर मिळाले तर ६,००० कर आधी भरल्याचं चलान देणारा तुमच्याकडे मागेल, किंवा तो स्वतः भरेल. हिशेबात ६०,००० उत्पन्नातही लिहा आणि टायरच्या खर्चातही. दोन्हीकडे लिहिलं की निव्वळ परिणाम शून्य. नुसतं २६एएसमध्ये दिसलं आणि हिशेबात नसलं तर ६०,००० सरळ उत्पन्नात वाढतात.

जीएसटीची मर्यादा सेवांसाठी वर्षाला २० लाख आणि ती पॅनवर मोजली जाते, विभागावर नाही. सुटे भाग आणि मजुरी दोन्ही देणाऱ्या गॅरेजने हीच मर्यादा धरून चालावी. वस्तूंच्या रूपातलं प्रायोजकत्वही त्यात मोजायचं. प्रायोजक कंपनी किंवा भागीदारी फर्म असेल आणि टीम व्यक्तीच्या मालकीची असेल तर प्रायोजकत्वावरचा १८ टक्के कर प्रायोजकाने रिव्हर्स चार्जने भरायचा. टीमच कंपनी असेल तर १६ जानेवारी २०२५ पासून तो टीमने भरायचा. प्रवासी गाडीच्या खरेदीचं, दुरुस्तीचं आणि विम्याचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने अडवलेलं आहे. जिप्सीवर जाहिरात आहे म्हणून ते सुटत नाही.

बक्षिसाबद्दल मोटरस्पोर्टचाच सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. १९७४-७५ च्या करनिर्धारण वर्षातली ऑल इंडिया हायवे मोटर रॅली, जवळपास ६,९५६ किलोमीटरची. जी. आर. कार्तिकेयन यांना पहिलं बक्षीस मिळालं, इंडियन ऑइलकडून २०,००० आणि रॅलीकडून २,०००. त्यांचं म्हणणं होतं की हे कौशल्याचं आणि सहनशक्तीचं फळ आहे, नशिबाने लागलेली लॉटरी नव्हे, म्हणून ते उत्पन्नच नाही. मद्रास उच्च न्यायालयाने मान्य केलं. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिरवलं: रॅली ही शर्यत नसली तरी स्पर्धा होती, बक्षीस मिळवण्यासाठीच उतरले होते, मिळालेली रक्कम उत्पन्न आहे. तेव्हा 'आम्ही हौशी, बक्षिसावर कर नाही' हे चालत नाही. हौशी खेळाडूच्या पुरस्काराला सूट देणारं १९८६ चं परिपत्रक क्रमांक ४४७ पुढे केलं जातं. ते गौरव म्हणून दिलेल्या पुरस्काराबद्दल आहे, एन्ट्री फी भरून जिंकलेल्या बक्षिसाला ते लावता येत नाही.

खरा वाद वेगळाच आहे: हे उत्पन्न धंद्याचं की कलम ११५बीबी खालचं, लॉटरी-खेळांतून 'जिंकलेलं'? ११५बीबीत पडलं तर सरसकट ३० टक्के, वर सेस, एका रुपयाचा खर्च वजा नाही आणि रिबेटही नाही. ४५,००० च्या बक्षिसावर १४,०४० रुपये. आयोजक बहुधा सावधगिरी म्हणून १९४बी लावून ३० टक्के कापूनच देतात. टीम नियमितपणे उतरत असेल, हिशेब असेल आणि बक्षीस गॅरेजच्या खात्यात जमा होत असेल तर ते धंद्याची जमा म्हणून मांडता येतं. कापलेला कर परतावा म्हणून मागता येतो, पण कलम जुळत नाही म्हणून नोटीस येण्याची तयारी ठेवा. बक्षीस ड्रायव्हरच्या नावाने निघतं. तो गॅरेजवाला नसेल तर 'बक्षीस टीमचं' असा करार हंगामाआधीच हवा.

आता आकडे मांडू, मगच हे सगळं करावं का ते ठरेल. समजा हंगामात प्रायोजकाचे रोख १,५०,०००, टायर ६०,०००, गाडी भाड्याने दिल्याचे १,२०,०००, बक्षीस ४५,०००. एकूण जमा ३,७५,०००. खर्चात एन्ट्री फी आणि परवाने ७०,०००, टायर आणि सुटे भाग २,१०,०००, ट्रेलर-डिझेल-टोल १,३०,०००, मेकॅनिकची मजुरी १,१०,०००, राहणं-जेवण ६०,०००, आणि ४,८०,००० च्या गाडीवर घसारा ७२,०००. एकूण ६,५२,०००. तोटा २,७७,०००.

गॅरेजचा नफा ९ लाख असेल तर? २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य. तोटा नसतानाही शून्यच होता. आणि तोटा 'या वर्षी नको, पुढे नेतो' असं म्हणता येत नाही, त्याच वर्षी आधी वजा करावाच लागतो. म्हणजे पावणेतीन लाखांचा तोटा शून्य रुपये वाचवून संपला. नफा २० लाख असेल तर तो १७,२३,००० होतो आणि २० टक्क्यांच्या टप्प्यात सेससकट सुमारे ५७,६०० रुपये वाचतात. उरलेले दोन लाखांवर खिशातूनच गेलेले असतात.

त्या ५७,६०० मधून पुढचा खर्च काढा. तुमचं गॅरेज आज बहुधा कलम ४४एडीमध्ये, म्हणजे अंदाजित नफ्याच्या सोप्या पद्धतीत असणार, उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवून आयटीआर-४. त्या पद्धतीत सगळे खर्च आधीच मिळाले असं धरलं जातं, टीमचा तोटा वेगळा मागता येत नाही. मागायचा तर ४४एडीतून बाहेर पडावं लागतं, आणि आत आल्यापासून पुढच्या पाच वर्षांत बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं परत येता येत नाही. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर त्या काळात हिशेबवह्या आणि कर-लेखापरीक्षणही. ऑडिटची फी, वर्षभर नोंदी ठेवणाऱ्या माणसाचा पगार, आणि गॅरेजचा खरा नफा जर ८ टक्क्यांपेक्षा बराच जास्त असेल तर तोही आता पुस्तकात दिसणार. गॅरेज ४४एडीत ठेवून टीम वेगळ्या हिशेबात तोट्यात दाखवायची, अशी एकाच पॅनवर सरमिसळ सुचवणारे भेटतील. त्यावर नोटीस आली तर बचाव अवघड आहे.

माझं मत स्पष्ट आहे. गॅरेजचा खरा नफा १२ लाखांच्या आत असेल तर टीम हौस म्हणूनच ठेवा, मामांकडून भेट घ्या, बक्षीस निमूटपणे उत्पन्नात दाखवा. नफा त्याच्या बराच वर असेल, ४४एडी तसंही सुटणार असेल आणि केज-सस्पेन्शनचं बाहेरचं काम येऊ लागलं असेल, तरच विभाग उघडा.

उघडलात तर रोखीकडे लक्ष द्या. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेला खर्च कलम ४०ए(३) ने पूर्ण बाद होतो. मालवाहतूकदाराला ही मर्यादा ३५,००० आहे, त्यामुळे ट्रेलरवाल्याला थोडी सवलत. सर्व्हिस क्रूचा म्होरक्या चौघांची मजुरी एकत्र रोख घेतो तिथे ही मर्यादा नकळत मोडते. चौघांना वेगवेगळं यूपीआय करा. आदल्या वर्षीची उलाढाल १ कोटीच्या आत असलेल्या मालकी धंद्याला मेकॅनिकच्या मजुरीवर टीडीएस कापावा लागत नाही. फर्मला मात्र ती सूट नाही, आणि न कापल्यास खर्चाचे ३० टक्के बाद. स्पर्धेला बायको-मुलं सोबत आली तर त्यांची खोली वेगळ्या बिलावर घ्या आणि ते बिल फाइलमध्ये लावू नका. एका खोलीचं बिल 'फॅमिली स्वीट' असं छापून आलेलं असलं की अधिकारी बाकीची सगळी फाइल त्याच नजरेने वाचतो.

राहिले दोन मित्र. त्यांनी गॅरेजवाल्याच्या खात्यात नुसते पैसे टाकायचे नाहीत. मित्र हा नातेवाईक नव्हे. अशा भेटी वर्षात ५०,००० च्या वर गेल्या तर संपूर्ण रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात जाते. उसने असतील तर २०,००० किंवा अधिक रोख घ्यायचे नाहीत, बँकेतूनच, आणि परतफेडही तशीच. सोपा मार्ग असा की होमस्टेवाला ज्या स्पर्धांत ड्रायव्हर किंवा नॅव्हिगेटर म्हणून बसतो त्या स्पर्धांचं गाडीभाडं त्याने गॅरेजला द्यावं, त्याच दराने, ज्या दराने बाहेरच्या माणसाला देता. ते गॅरेजचं खरं उत्पन्न ठरतं. बँकवाल्यानेही तसंच करावं. भागीदारीत नाव घालायचं झालं तर बहुतेक बँकांच्या सेवानियमांत बाहेरच्या धंद्याला आधी लेखी परवानगी लागते. भाडं भरून स्पर्धेत बसणाऱ्याला ती भानगडच नाही.